पलंग, होता तसा

सर्व मृतात्म्यांचा दिवस, सन १४७४

आज ओटिलियाला पुरून आलो. सगळं गाव आज आपापल्या मृतांसाठी मेणबत्त्या लावत होतं, त्यात आमची माती पडली. पाद्री म्हणाले, माथेस, तू बोलत नाहीस, निदान लिही, अक्षरं येतात ना तुला. तलवारीच्या मुठींची चित्रं काढायला आणलेला कागद पडून होता. त्याच्यावर हे लिहितो आहे.

खोकल्यानं गेली. जिना चढवेना म्हणून शेवटी शेवटी स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर निजायची. आमच्या घरात वाढलेली उर्सेल तिच्यापाशी असायची. मी खाली कारखान्यात होतो. बिशपच्या माणसांच्या तलवारींना पाणी आणि धार देऊन व्हायची होती. उर्सेल दारात येऊन उभी राहिली तेव्हा चाक फिरत होतं, ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी ओरडलो, दार लाव, वारा येतो. मग तिचा चेहरा पाहिला.

ओटिलियाला माझ्या घरात कशाची उणीव पडली नाही. हे मी आज पाद्रींनाही सांगितलं. कधी हात उगारला नाही, कधी भाकरीचा तुटवडा नाही.

पुढच्या रविवारी

वर पलंगावर माझ्या बाजूला झोपतो. भिंतीकडची तिची बाजू तशीच आहे, हात लावायला जिवावर येतं. महिन्याची प्रार्थना होईपर्यंत मेलेल्या माणसाच्या घरातलं काही हलवायचं नसतंच, त्यामुळे मला निमित्तही झालं.

घर फार शांत आहे. उंदीरसुद्धा गेले, नवलच आहे. किती वर्षं तिच्या बाजूला भिंतीपाशी रात्रभर खुडबूड चालायची. मी तिला बोलायचो, पलंगाखाली दाणे सांडतेस का? एकदा गिरणीवरून मांजर आणलं. ते खाऊन खाऊन लठ्ठ झालं, उंदीर एक धरला नाही. ओटिलिया म्हणायची, "असेल एखाद-दुसरा. झोपा तुम्ही." आता कानोसा घेतला तरी काही नाही. घरची बाई गेली हे त्या मुक्या जिवांनाही कळतं म्हणायचं.

झोप लागत नाही.

संत मार्टिनचा सण

आज हंस कापायचा दिवस. उर्सेल सुरी घेऊन अंगणात गेली तेवढ्यात शेजारचा बाल्टझर आला आणि त्यानं तिला थांबवलं. बाल्टझर दारू गाळतो आणि गावच्या न्यायसभेत पंच आहे. त्याला कायदा तोंडपाठ असतो, आणि तो सांगताना त्याला गोडही लागतो. तो म्हणाला, हंस तुमचे नाहीत.

मला हे माहीत असायला हवं होतं. माझे वडील गेले तेव्हा पुरुषी वाटा म्हणून तलवार, चिलखत आणि घोड्याचं खोगीर माझ्याकडे आलं. तेव्हा कुणी मला विचारलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. तसाच बायकी वाटा असतो. बाई मेली की तो तिच्या मुलीकडे जातो. मुलगी नसेल तर आईकडच्या सगळ्यांत जवळच्या बाईकडे. आम्हाला दोन मुलगे होते, दोघेही चर्चमागे मातीत आहेत. म्हणजे वाटा ओटिलियाच्या बहिणीच्या मुलीकडे, वायसेनफेल्सच्या अपोलोनियाकडे जाणार.

बाल्टझर घरभर फिरत बोटानं दाखवत गेला. हंस आणि मेंढ्या बायकी, अंबाडी, सूत, कात्री बायकी. समया, तस्त, उशा, चादरी, तिचे कपडे, तिचं प्रार्थनेचं पुस्तक. गोल झाकणाच्या पेट्या बायकी, सपाट झाकणाच्या माझ्या. मी म्हटलं, अरे मग मला उरलं काय? तो म्हणाला, "तुझी चाकं, तुझी हत्यारं. शिवाय तुझी खुर्ची, बाकावर एक उशी, टेबलावर एक कापड. आणि पलंग, बायको जिवंत असताना होता तसा. एवढं कायदा नवऱ्याला ठेवतो."

मला माझ्यासाठी काही वाटलं नसतं. प्रश्न उर्सेलचा आहे. ती परटिणीची पोर, आई तापानं गेली तेव्हा गुडघ्याएवढी होती, ओटिलियानं घरात आणली. नाताळ सरून एपिफनीचा सण झाला की तिचं लग्न ठरलंय, दोरवाल्यांच्या यॉर्गशी. त्याच्या आईनं साफ सांगितलंय की पिसांची गादी आणि पेटीभर कापड आणेल तीच सून. ते सगळं तयार आहे. माळ्यावरच्या गोल झाकणाच्या पेटीत आहे. दोघींनी मिळून कातलं, विणलं, शिवलं. पण उर्सेल रक्ताची नाही, तेव्हा कायद्यानं त्यातलं एक फडकंही तिचं नाही.

मी म्हटलं, ओटिलियानं ते तिच्यासाठीच केलंय. बाल्टझर म्हणाला, "जिवंतपणी चारचौघांसमोर हातात दिलं असतं तर तिचं होतं. लग्नाच्या दिवशी देणार होती ना? तो दिवस यायच्या आधी ती गेली, त्याला मी काय करू?"

हंस अंगणात ओरडत होता. आम्ही कोबी खाल्ला.

संत एलिझाबेथचा सण

मला एक तोड सुचली होती. पेटी बायकी कशामुळे, तर झाकणामुळे. काल सकाळी पेटी खाली कारखान्यात आणली आणि रंध्यानं झाकण तासायला घेतलं. ओकचं लाकूड, दिवसभर घाम निघाला. संध्याकाळी झाकण माझ्या हातासारखं सपाट झालं. आता ही पेटी पुरुषी, मग आतलं सामानही माझं, असा माझा हिशेब.

बाल्टझरला मोठ्या ऐटीत बोलावून दाखवली. तो पोट धरून हसला. म्हणाला, "माथेस, हंसाला विजार चढवलीस तरी तो बायकी वाट्यातच राहणार. कापड ते कापड. कुठल्याही पेटीत ठेव." आणि जाताना गंभीर होऊन म्हणाला, हे कुणाला सांगू नकोस. वाटा लपवला असं झालं तर दंड होईल आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

उर्सेलनं पेटी पाहिली आणि रडायला लागली. झाकणावर रोझमेरीची डहाळी कोरलेली होती, ओटिलियाच्या वडिलांनी तिच्या लग्नात कोरलेली. ती गेली तासून. कापडात भुसा पडला म्हणून रडत असेल असं समजून मी म्हटलं, झटकून टाक. ती रडतच राहिली. मुली लग्न जवळ आलं की अशा होतात.

झाकण आता नीट बसतही नाही.

संत कॅथरीनच्या आदल्या दिवशी

दोरवाल्याची बायको येऊन गेली. तिला बातमी लागलेली दिसते. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरून नजर फिरवत म्हणाली की आम्ही काही लोभी माणसं नाही, पण पोरगी तीन कपड्यांत घरात घेतली तर चार लोक काय म्हणतील? उर्सेल तिच्या पुढ्यात दूध ठेवून बाहेर गेली. बाई दूध पिऊन गेली.

लग्न मोडलं तर उर्सेलला धुण्याच्या घाटावर काम धरावं लागेल. तिच्या आईसारखं. आमच्या साले नदीचं पाणी या दिवसांत कसं असतं ते मला माहीत आहे, मी तलवारी थंड करतो त्यात. ओटिलियानं पोरीला त्या पाण्यातून वर काढली, तिला परत तिथे जाऊ द्यायचं नाही. हे मी कुणापाशी बोलणार नाही, पण माझं ठरलंय.

संत कॅथरीननंतर

बाल्टझरचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पलंग, बायको जिवंत असताना होता तसा. कसा होता हे कोण सांगणार? मी सांगणार, पंचांसमोर शपथेवर. दुसरं कुणी आमच्या खोलीत आलंय कधी? मी म्हणालो की तिच्या बाजूला पिसांची नवी गादी होती, वर नव्या चादरी होत्या, एकावर एक, पायाशी घड्या होत्या, तर पलंग तसा होता. मग पेटीतलं सगळं पलंगावर जाईल, पलंग माझ्याकडे राहील, आणि माझ्याकडून उर्सेलकडे. बाल्टझरला हे सांगितलं नाही. तो पंच आहे, त्याला अडचणीत कशाला घालू?

मात्र पुढे एक गंमत झाली. शपथ घ्यायची तर खरं काय होतं तेही माहीत असावं, म्हणून आठवून पाहिलं. पलंगपोस कसला होता? मला आठवेना. वर जाऊन पाहिलं, निळ्या पट्ट्यांचा आहे. एखाद्या तलवारीची मूठ पाहून तिचा मालक डावरा आहे हे मी सांगतो. पलंगपोसावर मी रोज झोपत होतो. पण तलवारी पाहणं हे माझं काम, पलंग हे तिचं. प्रत्येकानं आपलं पाहावं.

पेटी वर खोलीत नेऊन ठेवली आणि उर्सेलला सांगितलं की महिन्याच्या प्रार्थनेच्या दिवशी, वाटा न्यायला मंडळी यायच्या आधी, जुनं अंथरूण काढ आणि पेटीतलं सगळं नीट घाल. तिनं विचारलं, "शपथ तुम्ही घेणार, काका?"

म्हटलं, हो, मीच.

"बरं," म्हणाली.

संत आंद्रेआसच्या सणाचा दुसरा दिवस

आज झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी चर्चमध्ये महिन्याची प्रार्थना झाली. घरी आलो तर दारात गाडी उभी होती. अपोलोनियाला मी ती लहान असताना एकदा पाहिलं होतं. आता ती रंगाऱ्याची विधवा आहे, कोपरापर्यंत हात निळीनं निळे झालेले. तिला पाहताच तिचा राग करायचा असं मी ठरवूनच आलो होतो, पण ती वाकून म्हणाली, "मावसोबा, मावशीचं कळलं तेव्हा यायला हवं होतं. गाडीभाडं नव्हतं." मी बाजूला होऊन तिला आत घेतलं.

बाल्टझर आणि आणखी एक पंच साक्षीला होते. अपोलोनिया आवाज न चढवता एकेक वस्तू उचलायला सांगत होती. समया गेल्या, तस्त गेलं, सूत आणि अंबाडी गेली. मेंढ्या गाडीमागे बांधल्या. हंसांनी तिच्या गाडीवाल्याचे चावे घेतले, तेवढ्यापुरता बाल्टझर हसला. पातेल्यांमागची भिंत मी पहिल्यांदाच पाहिली, पांढरी होती. ओटिलियाचा पळा खुंटीवरून काढला तेव्हा मात्र मी अंगणात गेलो.

मग वर जायची वेळ आली. मी पुढे झालो. खोटी शपथ मी जन्मात घेतली नव्हती. मनात म्हणत होतो की पिसांचा डोंगर दिसू दे, मग मी बोलेन.

दार उघडलं. पलंगावर निळ्या पट्ट्यांचा जुना पलंगपोस. पेटी कोपऱ्यात बंद. उर्सेलनं काडीलाही हात लावला नव्हता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. वाटलं, विसरली ही, घात झाला. बाल्टझरनं विचारलं, "माथेस, बायको जिवंत असताना पलंग असाच होता?" तोवर अपोलोनियानं पुढे होऊन पलंगपोस ओढला, मग चादर. माझ्या बाजूला पिसांची गादी, जाड. भिंतीकडे गोणपाटाची पिशवी, पलंगाच्या लांबीची, ठिगळं लावलेली. एका शिवणीतून कोंडा सांडत होता.

अपोलोनियानं त्यावर निळा हात ठेवला. "मावसोबा," ती म्हणाली, "माझी मावशी यावर झोपायची?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरं होतं. आणि कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही, मला दिसत होतं. बाल्टझर स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. ती माझ्या नंतर निजायची, माझ्या आधी उठायची, पलंग तीच घालायची. मला खरंच माहीत नव्हतं. पण हे त्या खोलीत सांगून काय उपयोग होता?

तेव्हा उर्सेल बोलली. "पिसं काकूंनी काढली. दर हिवाळ्यात थोडी थोडी. माझ्या गादीला हंसांची पुरत नव्हती म्हणून. काढली तेवढा कोंडा भरायच्या. मी नको म्हणायचे." मग थांबून म्हणाली, "त्या म्हणायच्या, यांना कळायचं नाही."

अपोलोनिया पेटीपाशी गेली, सपाट झाकण पाहून तिच्या कपाळाला आठी पडली, पण तिनं विचारलं नाही. गादी बाहेर काढली, दोन्ही हातांनी दाबली. मग दुसऱ्या पंचाला म्हणाली, कायदा परत एकदा सांगा. त्यानं सांगितला. पलंग, बायको जिवंत असताना होता तसा.

"मग ही पिसं पलंगाचीच," अपोलोनिया म्हणाली. "मावशीच्या बाजूची आहेत, पलंगाबरोबर राहतील. कोंडाही राहू दे. कापड मात्र मी नेणार. मला तीन मुली आहेत, मावसोबा, आणि त्यांना बाप नाही."

तिनं सगळं कापड नेलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

शेवटी मी शपथ घेतली की काही लपवलं नाही. ती खरी ठरली, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

गाडी गेल्यावर उर्सेलवर खूप चिडलो. म्हटलं, सांगितलं तसं केलं असतंस तर कापडसुद्धा वाचलं असतं, का ऐकलं नाहीस? ती रिकाम्या स्वयंपाकघरात उभी होती, एक मडकंही उरलेलं नव्हतं. म्हणाली, "काका, इतकी वर्षं त्या त्यावर झोपल्या. ते कुणाला तरी दिसायला नको?"

मला तिचं बोलणं नीट कळलं नाही. दिसून काय होणार होतं? माझी मात्र गावात शोभा झाली.

संत निकोलसचा सण

दोरवाल्याची बायको गादी पाहून गेली. मुठीनं चेपली, नाकाला लावली. म्हणाली, पिसं जुनी आहेत पण जीव लावून साफ केलेली आहेत. कापडावरून तिनं तोंड वाकडं केलं. मी कारखान्यातून वर आलो आणि म्हणालो, गादी दुप्पट जाड करून देतो, मग चालेल? तिनं विचारलं, पिसं कुठून आणणार, हंस तर गेले. मी म्हटलं, ते माझ्यावर सोपवा. यॉर्ग तिच्या मागे उभा होता, पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "आई, चालेल."

मग माझ्या बाजूची गादी उसवली. उर्सेल नको नको म्हणत होती. तिला सांगितलं, माझी पाठ दुखते, मऊ अंथरुणानं जास्त दुखते, वैद्यानं कडक सांगितलंय. वैद्याकडे मी गेलोच नव्हतो. दोघांनी मिळून पिसं भरली. घरभर उडाली, तिच्या केसांत, माझ्या दाढीत. ओटिलिया असती तर ओरडली असती. किंवा नसती ओरडली, मला आता तिच्याबद्दल पैजेवर सांगता येणार नाही.

संत ओटिलियाचा सण

आज तिच्या नावाचा दिवस. चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तिच्या वाट्यातल्या समया गेल्या म्हणून हातातच धरून उभा राहिलो, मेण बोटांवर सांडलं.

परत येताना दोरवाल्यांच्या घरावरून आलो. उर्सेलची गादी काल तिकडे पोचली. खिडकीत उन्हाला टाकली होती, फुगून खिडकीबाहेर आली होती. लग्न ठरल्या दिवशीच आहे.

संध्याकाळी थकवा आला म्हणून दिवेलागणीलाच वर गेलो. माझ्या बाजूला आता नुसत्या फळ्या आहेत. राहिली ती पिशवी. तिच्या बाजूला, भिंतीकडे, पहिल्यांदाच आडवा झालो.

खुडबूड ऐकू आली. म्हटलं, उंदीर परत आले. उठून बसलो, तर आवाज बंद. पलंगाखाली वाकून पाहिलं, काही नव्हतं. पुन्हा पडलो, कूस वळली, पुन्हा तोच आवाज, अगदी कानाशी. मग हलायचं थांबलो. नुसता श्वास घेतला तरी कोंडा वाजत होता.

किती वर्षं. आणि मी मांजर आणलं होतं.

"असेल एखाद-दुसरा," ती म्हणायची. "झोपा तुम्ही." आणि मी झोपायचो.